इंजिन किती वेळा थांबतं, ते आधी मोजा

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

विषय: हलक्या क्रीडा विमानांच्या इंजिनांचे बिघाड उड्डाणाच्या तासांसह मोजून दरवर्षी प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

हलकी विमानं उडवणारी चार माणसं कुठेही जमली की थोड्याच वेळात बोलणं इंजिनावर येतं. रोटॅक्स चांगलं, जबिरू चांगलं, की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं लायकमिंग-कॉन्टिनेन्टलच बरं? एक जण म्हणतो, माझं रोटॅक्स हजार तासांत एकदाही खोकलेलं नाही. दुसरा म्हणतो, बर्फावरच्या गाड्यांची इंजिनं करणाऱ्या कंपनीच्या भरवशावर जीव टांगायचा का? तिसरा ऑस्ट्रेलियातल्या जबिरूचे किस्से काढतो. आवाज चढतात, चहा गार होतो, आणि जो तो आपलं मत होतं तसंच घेऊन घरी जातो. अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात हा वाद वर्षानुवर्षं चालला आहे आणि आपल्याकडची हलकी विमानं जसजशी वाढताहेत तसतसा तो आपल्या हँगरांमध्येही मुक्कामाला आला आहे.

मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीचं काम केलं आणि दोन आसनी विमान हौसेने उडवलं. या वादातली दोन्हीकडची माणसं माझ्या ओळखीची आहेत. जाणती आहेत, प्रामाणिक आहेत. तरीही वैमानिकांनी कितीही वर्षं घासाघीस केली तरी हा वाद त्यांच्याकडून सुटणार नाही, अशी माझी खात्री आहे. तो सोडवण्याची साधनं फक्त आपल्या कार्यालयापाशी आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघडपणे.

वैमानिकांकडून तो का सुटणार नाही, ते आधी सांगतो. समजा एका इंजिनाचा बिघाडाचा दर १०,००० तासांत एक आहे आणि दुसऱ्याचा त्याच्या दुप्पट. ५०० तास उडालेल्या वैमानिकाला पहिल्या इंजिनाने एकदाही दगा न दिलेला असण्याची शक्यता ९५ टक्के येते, दुसऱ्याने न दिलेला असण्याची ९० टक्के. म्हणजे दोघेही वैमानिक बहुधा ‘माझं इंजिन कधीच बंद पडलं नाही’ असंच सांगणार, आणि दोघेही खरं बोलत असणार. दुप्पट धोका त्यांच्या लॉगबुकात उमटलेलाच नसतो. आता एका जातीची ४० विमानं घ्या, प्रत्येक वर्षाला १५० तास उडणारी. झाले ६,००० तास. १०,००० तासांत एक या दराने वर्षभर काहीच न घडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक. त्याच विमानांचे पाच वर्षांचे ३०,००० तास एकत्र केले, की एकही बिघाड न होण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. तिथे कुठे चित्र दिसू लागतं. असा हिशेब एकट्या वैमानिकाला, क्लबला किंवा प्रशिक्षण संस्थेला ठेवता येत नाही. निर्मात्याला काही अंशी येतो, पण आपल्या मालाचा हिशेब त्याने एकट्याने द्यावा आणि आपण तो मान्य करावा, हे बरोबर नाही.

हे पत्र छापलं जाणार आहे, म्हणून या विमानांची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने २००४ मध्ये हलक्या क्रीडा विमानांचा वर्ग आखला. दोन आसनं, एकच पिस्टन इंजिन, आत न घेता येणारी चाकं, धावपट्टीवरून उडणाऱ्या विमानाचं कमाल वजन १,३२० पौंड म्हणजे ६०० किलो, आणि ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो स्टॉलचा वेग जास्तीत जास्त ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर. यातली खरी सवलत कागदावरची होती. मोठ्या विमानाला लागणारं सरकारी प्रकार-प्रमाणपत्र इथे लागत नाही. एएसटीएम या मानक-संस्थेत उद्योगाने एकत्र बसून ठरवलेल्या कसोट्या आपण पाळल्या आहेत, असं निर्मात्याने स्वतः लिहून द्यायचं. इंजिनालाही तेच लागू. या सवलतीमुळे नवं विमान मध्यमवर्गीय हौशी माणसाच्या आवाक्याच्या जवळ आलं, नवी इंजिनं लवकर बाजारात आली, रचना पटापट सुधारल्या. मी या सवलतीच्या बाजूचा आहे. पण आधीची तपासणी सैल केली तर नंतरची मोजणी घट्ट हवी. हा सौद्याचा दुसरा भाग आहे, आणि जगात बहुतेक ठिकाणी तो अर्धवट राहिला आहे.

वादातल्या तांत्रिक मुद्द्यांकडे वळतो, कारण त्यात खूप कच्चं सोनं आणि तितकीच माती आहे. सगळ्यात जास्त भिववतो तो फेऱ्यांचा आकडा. लायकमिंगचं प्रसिद्ध ओ-३२० मिनिटाला जास्तीत जास्त २,७०० फेरे घेतं. रोटॅक्स ९१२ मात्र ५,००० ते ५,५०० फेऱ्यांवर तासन्‌तास चालवायचं असतं. दुप्पट फेरे म्हणजे दुप्पट झीज, असं लोक म्हणतात. पण झिजेशी ज्याचा जवळचा संबंध आहे तो पिस्टनचा वेग मोजला तर काय दिसतं? १०० अश्वशक्तीच्या रोटॅक्सचा स्ट्रोक ६१ मिलिमीटरचा आहे, लायकमिंगचा सुमारे ९८. म्हणून ५,५०० फेऱ्यांना रोटॅक्सचा पिस्टन सेकंदाला सरासरी ११ मीटर धावतो आणि २,७०० फेऱ्यांना लायकमिंगचा ९ मीटरच्या थोडा आत. फरक सुमारे सव्वापट. पंखा तर २.४३ ला १ अशा गिअरबॉक्समधून फिरतो, त्यामुळे त्याचे फेरे २,२६० च्या आसपासच राहतात. फेऱ्यांचा बाऊ इथेच संपायला हवा.

उलट बाजूचाही एक युक्तिवाद तितकाच पोकळ आहे: मोटारीचं इंजिन लाखो किलोमीटर चालतं, मग तेच विमानात का नको? मोटारीला सपाट महामार्गावर आपल्या शक्तीचा लहानसा वाटा पुरतो. विमानाचं इंजिन उड्डाणभर ६५-७५ टक्के शक्ती देत असतं, आणि चढताना पूर्ण. मालाने भरलेला ट्रक खंबाटकीचा घाट चढायला लागला आणि घाट दोन तास संपलाच नाही, तर त्या ट्रकच्या इंजिनाचं जे होईल तो हा प्रश्न आहे. मोटारीची इंजिनं बदलून विमानात बसवणाऱ्यांना बहुतेकदा इंजिनाच्या गाभ्यापेक्षा शीतकरण, इंधनाच्या नळ्या, गिअरबॉक्स आणि वायरिंग यांनीच रडवलं आहे.

‘प्रमाणित जुनं इंजिन बसवा आणि निश्चिंत व्हा’ म्हणणाऱ्यांनी सेसना १६२ स्कायकॅचरची गोष्ट आठवावी. २००७ मध्ये सेसनाने हे दोन आसनी विमान जाहीर केलं, चीनमधल्या शेनयांगमध्ये बनवून घेतलं आणि त्यात रोटॅक्सऐवजी ओळखीचं कॉन्टिनेन्टल ओ-२०० डी बसवलं. इंजिन भरवशाचं होतं, पण जड. ६०० किलोच्या चौकटीत इंजिनाचा प्रत्येक जादा किलो इंधनातून किंवा माणसांतून वजा होतो. दोन धिप्पाड माणसं बसली की टाकी पूर्ण भरता येईना. २०१३ नंतर सेसनाने ते गुंडाळलं आणि न विकली गेलेली विमानं पुढे भंगारात काढली. भरवशासाठी घेतलेल्या वजनामुळे वैमानिक कमी इंधन घेऊन उडणार असेल, तर इंधन संपून इंजिन थांबण्याचा धोका कुठल्या खात्यात मांडायचा? आणि या कंपन्यांच्या अभिमानावर भांडणाऱ्यांना एवढंच सांगतो, की सेसना, लायकमिंग आणि २०२२ पासून स्लोव्हेनियाची पिपिस्ट्रेल, तिन्ही आज टेक्स्ट्रॉन या एकाच समूहाच्या आहेत. पिपिस्ट्रेलच्या बहुतेक हलक्या विमानांत रोटॅक्स असतं.

आता ऑस्ट्रेलिया. महोदय, माझी मागणी ज्या उदाहरणावर उभी आहे ते हे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग गावी १९८८ मध्ये जबिरू कंपनी सुरू झाली. ती आधी आपल्या विमानांत इटलीहून आणलेलं केएफएम इंजिन बसवत असे. ते बनायचं थांबलं, तेव्हा या छोट्या कंपनीने हात टेकण्याऐवजी स्वतःचं इंजिन बनवलं. ॲल्युमिनियमच्या भरीव ठोकळ्यातून संगणक-नियंत्रित यंत्रावर कोरलेलं क्रँककेस, हवेने थंड होणारं, गिअरबॉक्स नसलेलं, हलकं आणि स्वस्त. चार सिलिंडरांचं २२०० आणि सहा सिलिंडरांचं ३३०० ही इंजिनं जगभर गेली. एका लहान गावातल्या लोकांनी विमानाचं इंजिन उभं करून जगाला विकलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि पुढचं वाचताना वाचकांनीही तो सोडू नये.

पण तक्रारी येत राहिल्या. डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कासा या नियामक संस्थेने जबिरू इंजिनाच्या विमानांवर निर्बंध घातले. फक्त दिवसा उडा. दाट वस्तीवरून उडायचं तर इंजिन थांबल्यावर तरंगत वस्तीबाहेर जाता येईल इतकी उंची राखा. प्रवासी आणि एकट्याने उडणारा विद्यार्थी यांनी धोका समजल्याचं सहीनिशी लिहून द्यायचं. कंपनी हादरली. फ्लाइंग स्कूलांचे विद्यार्थी बिचकले, विमानमालकांच्या मालमत्तेची किंमत एका रात्रीत पडली. कुठल्या घटना मोजल्या, किती तासांमागे मोजल्या, इंधन संपल्याने थांबलेलं इंजिनही त्यात धरलं का, असे प्रश्न मालकांनी आणि उत्पादकाने विचारले. प्रश्न रास्त होते.

त्यांची उत्तरं सव्वा वर्षाने आली. मार्च २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा संस्थेने, एटीएसबीने, २००९ ते २०१४ या सहा वर्षांचा अहवाल प्रसिद्ध केला. ८०० किलोपर्यंतच्या एक-इंजिनी पिस्टन विमानांच्या ३२२ नोंदलेल्या घटना त्यात होत्या. जबिरूच्या १३०, रोटॅक्सच्या ८७, लायकमिंगच्या ५८, कॉन्टिनेन्टलच्या २८. विमानांच्या संख्येशी ताडून पाहिलं तर सहा वर्षांत जबिरूच्या सुमारे दर १० विमानांत एक घटना, रोटॅक्सच्या दर ३६ मध्ये एक, लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टलच्या दर ३५ मध्ये एक. उड्डाणाचे तास धरल्यावरही जबिरूचा दर इतर कोणाच्याही दुपटीहून अधिक निघाला. जबिरूच्या जवळपास निम्म्या घटनांत इंजिनातला एखादा भाग तुटलेला होता आणि सर्वांत जास्त वेळा तुटले होते ते क्रँककेसच्या आरपार जाऊन सिलिंडरांना आवळून धरणारे लांब बोल्ट. अशा २१ घटना होत्या, त्यांतल्या १९ हवेत घडलेल्या. जाड बोल्ट बसवलेल्या इंजिनांत हा दोष कमी होताना दिसतो, हेही त्याच अहवालाने, आकडे थोडे असल्याची जाणीव देऊन, नोंदवलं.

हँगरमधल्या सगळ्या वादांनी जे दिलं नाही, ते या एका अहवालाने किती दिलं पाहा. जबिरूबद्दलची शंका खरी होती, हे कळलं. ती कुठल्या भागापाशी आहे, हे कळलं. उपाय लागू पडताना दिसतो आहे, हेही कळलं. आणि ज्याबद्दल सर्वांत जास्त भांडण होतं, त्या रोटॅक्स आणि लायकमिंगमध्ये विमानांच्या संख्येमागे जवळपास फरकच नाही, हे कळलं. जबिरूलाही त्यातून वाट मिळाली. पुढच्या पिढीत कंपनीने सिलिंडरांची रचना बदलली, आणि २०१६ च्या मध्यात, उत्पादकाच्या देखभाल-सूचना पाळलेल्या इंजिनांवरचे निर्बंध उठले.

यात कासाचं चुकलं कुठे, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रवाशाला धोका सांगून सही घेणं मला योग्यच वाटतं. शेजारच्या आसनावर बसणाऱ्याला तो हक्क आहे. चूक क्रमाची होती. निर्बंध आधी आले आणि सर्वांना तपासता येईल असा हिशेब नंतर. दरम्यानच्या काळात एका प्रामाणिक उद्योगाने आणि शेकडो मालकांनी असा तोटा सोसला, ज्याचं कारण त्यांना कुणी आकड्यांत दाखवू शकत नव्हतं. हा क्रम आपल्या देशात उलटा व्हावा, असं मला वाटतं. आधी हिशेब, मग गरज पडली तर निर्बंध.

नुसती बेरीजही पुरणार नाही. इंजिन थांबलं, एवढं लिहून काही कळत नाही. का थांबलं, ते लिहायला हवं. बिघाड लोखंडात होता की इंधनात, देखभालीत की बसवणीत, की वैमानिकाच्या हातात? एकच जबिरू एका विमानात उत्तम चालतं आणि दुसऱ्यात तापतं, कारण हवेचे झोत सिलिंडरांवरून कसे वळवले आहेत यावर सगळं असतं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचून इंजिन थांबलं, तर विमान शेतात उतरेपर्यंत पुरावाच वितळून जातो. दमट हवेत हे २० अंश तापमानालाही घडतं. कोकणातल्या पावसाळी सकाळी हा धोका खरा आहे. मग तपासणारा लिहितो, ‘कारण सापडलं नाही’, आणि त्या कोऱ्या जागेत जो तो आपला लाडका शत्रू भरतो.

रोटॅक्स ९१२ ची देखभाल जवळून पाहिलेला कुणीही सांगेल, की या इंजिनाचा गाभा दणकट आहे आणि त्याचं दुखणं बहुतेकदा त्याच्या भोवतालच्या वस्तूंत असतं. रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर धरणारे रबरी सांधे कडक होऊन चिरतात, म्हणून उत्पादकाने रबर दर पाच वर्षांनी बदलायला सांगितलं आहे. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवलेले नसले तर हादरे गिअरबॉक्सपर्यंत जातात. काही काळ बाजारात आलेले कार्ब्युरेटरचे फ्लोट पेट्रोल पिऊन जड व्हायचे, त्यावर सूचनापत्रं निघाली. तेलाची पातळी पाहण्याआधी प्रज्वलन बंद करून, पंखा हाताने फिरवत राहून टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत थांबावं लागतं. हे न करता काढलेली पातळी खोटी असते. २,००० तास किंवा १५ वर्षं हे या इंजिनाचं उघडून दुरुस्तीपर्यंतचं आयुष्य आज ठरलेलं आहे, पण त्या आकड्यामागे ही सगळी शिस्त गृहीत आहे. दोन-स्ट्रोक रोटॅक्सच्या पुस्तिकेत तर उत्पादकच बजावतो, की हे इंजिन अचानक थांबू शकतं आणि जिथून इंजिनाशिवाय सुखरूप उतरता येणार नाही अशा जागी, उंचीवर जाऊ नका. इतकं सरळ बोलणारा निर्माता मला आवडतो.

इंधनाचा विषय मात्र आपल्या देशाचा खास आहे आणि तो तातडीचा आहे. देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य २०२५ मध्ये गाठलं. त्यातलं काही इथेनॉल महाराष्ट्रातल्या उसाचं आहे आणि साखर कारखान्यांना त्याचा आधार मिळाला, याचं मला समाधान आहे. पण रोटॅक्स ९१२ ला उत्पादकाची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंतच आहे. म्हणजे रस्त्यावरच्या पंपाचं आजचं नेहमीचं पेट्रोल या इंजिनाच्या मर्यादेबाहेर गेलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंधनाची नळी तळापासूनच निघते. इथेनॉल काही जातींच्या रबराला आणि काचतंतूच्या टाक्यांच्या रेझिनला खातं. ज्या क्लबात पंपावरून कॅन भरून आणण्याची सवय जुनी आहे, तिथे ही सवय आता धोकादायक झाली आहे.

मग उरतं विमानांसाठीचं पेट्रोल, एव्हगॅस १०० एलएल. हे इंधन इंडियन ऑइल २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवते. २०२३ च्या सुरुवातीला त्याची पहिली खेप न्हावा-शेव्याच्या बंदरातून पापुआ न्यू गिनीला रवाना झाली. देशात बनतं, निर्यातही होतं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. रोटॅक्समध्ये हे शिसं स्पार्क प्लगवर, झडपांवर आणि तेलाच्या टाकीत राखाडी गाळ होऊन साचतं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत असल्याने गाळ दोन्हीकडे जातो. म्हणून सतत एव्हगॅसवर चालणाऱ्या इंजिनाचं तेल १०० तासांऐवजी २५ ते ५० तासांत बदलावं लागतं. आपल्या बिघाडांच्या नोंदीत ‘कुठलं इंधन’ हा रकाना नसेल, तर पुढच्या दहा वर्षांत रोटॅक्सच्या माथी असे कितीतरी बिघाड मारले जातील जे खरं तर इंधनाचे असतील. पेट्रोलमधलं इथेनॉल ओळखायला, हलकी विमानं उडतात त्या प्रत्येक विमानतळावर मोजपात्रात पाणी आणि पेट्रोल हलवून पाण्याचा थर फुगतो का हे पाहण्याची साधी चाचणी रोज सक्तीची करता येईल. तिला मोजपात्राखेरीज काही लागत नाही.

हे सगळं आत्ताच का? कारण आपल्याकडे ही इंजिनं आता मोठ्या संख्येने येत आहेत. हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी २०१५ मध्ये पिपिस्ट्रेलची १९४ व्हायरस एसडब्ल्यू ८० विमानं घ्यायचं ठरलं, त्यातली ११० एनसीसीसाठी. त्यांत रोटॅक्स ९१२ आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं हंसा-एनजी ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडालं, त्यात इंधन-इंजेक्शनचं ९१२ आयएससी आहे. हे इंजिन कमी पेट्रोल पितं आणि त्याला कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची भीती नाही. पण त्याचे पंप आणि इंजेक्शन विजेवर चालतात. म्हणून त्यात दोन जनरेटर आणि दुहेरी नियंत्रण आहे. बिघाडाच्या जुन्या जाती कमी होऊन नव्या येतील. उद्या फ्लाइंग स्कूलांमध्ये हंसा उडू लागलं, तर त्याचं भलंबुरं आपल्याला परदेशी अहवालांतून कळणार नाही. आपल्याच तासांतून कळेल. एनसीसीची विमानं संरक्षण खात्याकडे आहेत, हे मला माहीत आहे. तरी इंजिन त्याच कुटुंबातलं आणि हवाही तीच. दोन्ही खात्यांनी तास आणि बिघाड एका कागदावर आणले, तर सोळा-सतरा वर्षांच्या कॅडेटला विमानात बसवणाऱ्या आई-वडिलांना आपण काही ठोस सांगू शकू.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये मोझेक या नावाने नवे नियम जाहीर केले. त्यात वजनाची जुनी मर्यादा गेली, चार आसनंही चालतील, आणि या वर्गात बनणाऱ्या विमानाचा उतरण्याच्या स्थितीतला स्टॉलचा वेग ६१ नॉटपर्यंत असू शकेल. इतर देश बहुधा मागोमाग जातील. आतापर्यंत इंजिन थांबलं तरी ही विमानं शेतात, नदीच्या वाळूत, माळावर उतरून माणसं चालत घरी गेली, त्याचं मोठं श्रेय ४५ नॉटला आहे. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ४५ वरून ६१ वर गेलं की ती सुमारे १.८ पट होते. मोझेकला माझा विरोध नाही. पण उतरण्याचा वेग वाढतो तेव्हा इंजिन थांबण्याची किंमतही वाढते. आपण तसे नियम आणाल तेव्हा आपल्या हाती आपल्या इंजिनांचे आकडे असायला हवेत.

आता नोंदी मिळतील कशा? इथे मला सर्वांत जास्त काळजी आहे. इंजिन थांबलं, वैमानिकाने शांतपणे एखाद्या माळावर विमान उतरवलं, कुणाला खरचटलंही नाही. अशी घटना कळवली तर चौकशी, विमान महिनोन्‌महिने उभं, परवान्यावर टांगती तलवार, ही भीती प्रत्येक क्लबात आहे. त्या भीतीने झाकलेली प्रत्येक घटना हिशेबातून वजा होते, आणि वजा होतात त्या नेमक्या शिकण्यासारख्या घटना, कारण त्यात वैमानिक जिवंत असतो, इंजिन शाबूत असतं आणि कारण सापडू शकतं. शक्ती कमी झाल्याची, खबरदारी म्हणून उतरल्याची, जमिनीवरच तडा सापडल्याची अशी प्रत्येक घटना ठरावीक दिवसांत कळवणाऱ्याला, त्याने मुद्दाम नियम मोडला नसेल तर, शिक्षा होणार नाही असं लेखी द्या. भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. नव्या कायद्याखाली नियमावल्या नव्याने लिहिल्या जात असताना हे एक कलम घालायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

पहिल्या वर्षी आकडे फुगलेले दिसतील, हेही आधीच सांगून ठेवतो. लोक कळवू लागले की घटना वाढल्यासारख्या वाटतात. वर्तमानपत्रांत मथळे येतील, संसदेत प्रश्न येईल, एखादा निर्माता आपल्या दारात येऊन उभा राहील. तेव्हा मागे हटू नका. ऑस्ट्रेलियाच्या एटीएसबीने जबिरूचं नाव, बोल्टचं नाव आणि दर छापला, म्हणून दोष कुठे आहे आणि जाड बोल्टने तो कमी होताना दिसतो हे सर्वांना कळलं.

माझी मागणी अवाढव्य नाही. प्रत्येक हलक्या विमानाच्या वार्षिक कागदपत्रांत इंजिनाचं नेमकं मॉडेल, वर्षभराचे तास आणि वापरलेलं इंधन, एवढं लिहून घ्या. प्रत्येक बिघाडाला कारणाचा रकाना द्या. मग दरवर्षी एक अहवाल काढा, ज्यात शेवटच्या पाच वर्षांचे तास आणि घटना एकत्र असतील, मॉडेलवार, नावानिशी, आणि तो मराठी, हिंदी, तमिळमध्येही निघू द्या, कारण ही विमानं हाताळणारे अनेक मेकॅनिक इंग्रजी अहवाल वाचत बसत नाहीत.

सुरुवातीला नवी यंत्रणा उभारायचीही गरज नाही. मागच्या पाच वर्षांचे तास देशभरातल्या इंजिन-लॉगबुकांत आजही लिहिलेले आहेत, बदललेले भाग आणि त्यांची कारणंही. ती मागवून घ्या. त्या नोंदी वाचून एका तक्त्यात मांडायला अनुभवी डोळे लागतील. माझ्यासारखे बरेच निवृत्त देखभाल अभियंते पुणे, नागपूर, मुंबई, बेंगळुरूत आहेत. आपण बोलावलंत तर हे काम आम्ही मोबदला न घेता करू.

कळावे,

आपला विश्वासू,
पुण्यातील एक निवृत्त विमान देखभाल अभियंता